बासोथो: कोण, कुठले आणि एकत्र कसे आले?

उनाडपाऊस (धागाकर्ता)

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात ट्रम्प लेसोथोबद्दल बोलताना म्हणाले, की या देशाचं नाव कुणी ऐकलेलंच नाही. महिनाभरात त्याच न ऐकलेल्या देशावर त्यांनी ५० टक्के आयातशुल्क जाहीर केलं, पुढे ते १५ टक्क्यांवर आलं. तेव्हा आपल्या चालू घडामोडींच्या धाग्यावर बरीच थट्टा झाली आणि ‘तिथे राहतं तरी कोण?’ असंही विचारून झालं. मी नोकरीमुळे दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनला असतो, लेसोथोची सीमा इथून गाडीने दीड-दोन तासांवर. उत्तर तिथेच लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी नकाशा. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका, मध्ये लेसोथो. क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण दहावा हिस्सा. वस्ती २२-२३ लाख. अख्खा देश समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर असलेला हा जगातला एकमेव देश. इथली सगळ्यात सखल जागासुद्धा १,४०० मीटरच्या आसपास आहे. एक माणूस असेल तर मोसोथो, अनेक असतील तर बासोथो, भाषा सेसोथो. एवढं लक्षात ठेवलं की पुढे अडायला होत नाही.

आता मुद्दा. दोनशे वर्षांपूर्वी या नावाचं एकसंध राष्ट्र नव्हतंच. कॅलेडन नदीच्या खोऱ्यात सोथो बोलणारी सुटी सुटी कुळं होती. प्रत्येकाचं देवक वेगळं: बाक्वेनांचं मगर, बाटाउंगांचं सिंह, असं. १८२० च्या दशकात पूर्वेकडून युद्धांची लाट आली. तिला सेसोथोत लिफाकाने म्हणतात. झुलू राज्याचा विस्तार, दुष्काळ, गुरांची आणि माणसांची लूट, त्यात पळणाऱ्यांनी पुढच्यांना पळवून लावणं. कारणांवर इतिहासकार आजही भांडतात. उभी पिकं गेली, गुरं गेली, काही टोळ्या माणसं खाऊ लागल्या.

या धुमाळीत बाक्वेनांच्या एका धाकट्या शाखेतला एक तरुण सरदार पुढे आला. जन्म १७८६ च्या सुमाराचा, पाळण्यातलं नाव लेपोको. शेजाऱ्यांची गुरं पळवण्यात तो इतका सफाईदार, की दाढीवर वस्तरा फिरताना होतो त्या आवाजावरून त्याने स्वतःला मोश्वेश्वे म्हणवून घेतलं. १८२४ मध्ये बुथा-बुथेच्या डोंगरावर बात्लोक्वा या दुसऱ्या सोथो कुळाने त्याला वेढलं. तो कसाबसा निसटला आणि आपली माणसं घेऊन दक्षिणेला थाबा बोसिऊ या पठारी डोंगरावर गेला. वाटेत मागे पडलेला त्याचा आजा, पीटे, नरभक्षकांच्या हाती लागला आणि मारला गेला.

पुढे हे नरभक्षक त्याच्या तावडीत सापडले. लोकांना वाटलं, आता यांची कत्तल होणार. मोश्वेश्वे म्हणाला, माझा आजा यांच्या पोटात आहे, आजाच्या थडग्याला हात कसा लावू? थडगं शुद्ध करण्याचा जो विधी असतो तो त्याने त्यांच्या पोटांवर करवला, जमीन आणि गुरं देऊन त्यांना वसवलं. गोष्टीला तोंडोतोंडी झिलई चढली असणार, हे उघड आहे. पण बासोथो स्वतःबद्दल सांगायला बसले की हीच गोष्ट पहिल्यांदा सांगतात, आणि मला ते फार बोलकं वाटतं.

कारण त्याने पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तेच केलं. आला त्याला ठेवून घेतलं. सोथो कुळं आलीच, पण पूर्वेकडून पळालेले, झुलूसारख्या न्गुनी भाषा बोलणारेही आले. बासोथोंमधल्या अशा कुळांना आजही माटेबेले म्हणतात, आणि ती पक्की बासोथो असतात. आलेल्याला राजा ‘माफिसा’वर गाई द्यायचा: दूध तुझं, शेण तुझं, मालकी माझी. रिकाम्या हाताने आलेल्या कुटुंबाला त्यातून पोट मिळायचं आणि राजाला माणूस मिळायचा. रक्ताचं नातं नव्हतं तिथे गाईचं नातं जोडून हे राष्ट्र उभं राहिलं. माझ्या मते बासोथोंच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, लढाया तिच्यानंतर.

तरी लढायांबद्दलही लिहितो. पुढच्या प्रतिसादात.

चिमणराव_जुन्नर

छान धागा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

थाबा बोसिऊची माहिती द्या ना जरा. गडप्रेमींची सोय करा.

उनाडपाऊस

चिमणराव, तुम्ही हे विचारणार याची खात्री होती.

वालुकाश्माचा सुटा डोंगर, माथा सपाट, भोवती तुटलेले कडे, वर जायला मोजक्याच खिंडी. माथ्यावर झरे आणि गुरांना चराई, म्हणजे वेढा पडला तरी तग धरता येतो. तटबंदी जवळजवळ नाही. खिंडींत दगडांच्या भिंती आणि वरून लोटायला दगडांचे ढीग. शेजारी क्विलोआने नावाचा सुळका आहे. बासोथोंची ती टोकदार गवती टोपी, मोकोरोत्लो, त्याच्या आकारावरून आली असं सांगतात. २००६ पासून ती देशाच्या झेंड्यावरही आहे.

वर राजाच्या घराचे अवशेष आणि राजघराण्याची दफनभूमी आहे. स्थानिक वाटाड्या घेऊनच चढतात. चढ फार नाही, सिंहगड चढणाऱ्याला घाम फुटायचा नाही.

आणि डोंगर पडला का? नाही. १८२८ मध्ये मातिवानेच्या न्ग्वानेंना खाली हरवलं. १८३१ मध्ये म्झिलिकाझीचे न्देबेले चालून आले, त्यांनाही परतवलं, आणि परतणाऱ्या उपाशी फौजेमागे मोश्वेश्वेने खायला गुरं पाठवली. १८५२ मध्ये ब्रिटिश सेनापती कॅथकार्ट आला. बेरेआच्या पठारावर त्याची चांगलीच फजिती झाली. त्याच रात्री मोश्वेश्वेने त्याला पत्र लिहवलं: तुम्ही तुमची ताकद दाखवलीत, तुम्हाला गुरंही मिळाली, आता पुरे, तह करू. जिंकत आलेल्या माणसाने हरणाऱ्याची अब्रू झाकली. कॅथकार्टने ती संधी घेतली आणि निघून गेला. १८६५ मध्ये बोअरांचा, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांचा, सेनानी लाऊ वेपेनर खिंडीतून चढताना मारला गेला. डोंगर तेव्हाही पडला नाही.

सह्यकडा

शिवराय आठवले हो! डोंगरी मुलूख, मूठभर माणसं, मोठमोठ्या सत्तांच्या कचाट्यातून काढलेलं राज्य, वर शत्रूला पत्रं लिहून गार करणं. आफ्रिकेचे शिवाजीच म्हणायचे.

प्रश्नपत्रिका

सह्यकडा, अशी उपमा दिली की पुढचं वाचायची गरजच उरत नाही, हीच मला अडचण वाटते. शिवाजी महाराजांपुढे मोगल आणि आदिलशाही ही प्रस्थापित राज्यं होती, महसुलाची व्यवस्था होती, किल्ल्यांवर पगारी शिबंदी होती. मोश्वेश्वेपुढे मोडलेला समाज होता. त्याच्याकडे ना खजिना, ना पगारी फौज. त्याचं काम माणसं जमवण्यापासूनच सुरू होतं. साम्य डोंगराचं आहे, राज्याचं नाही.

आणि धागाकर्ते, एक विचारू? त्या माफिसाच्या गाई आल्या कुठून?

उनाडपाऊस

बरोबर जागी बोट ठेवलंत. बऱ्याचशा लुटीच्या. दक्षिणेला थेंबूंवर त्याने स्वाऱ्या केल्या आणि हजारोंनी गुरं आणली. म्हणजे इथल्या निर्वासितांचं पोट तिथल्या कुणाच्या तरी उपासमारीवर भरलं. हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

तुमच्या उपमेबद्दलच्या आक्षेपाशी मी सहमत. इथल्या बासोथो मित्रांशी बोलताना मीही सुरुवातीला शिवरायांचं नाव काढायचो. ते ऐकून घेतात, आणि मग शांतपणे मोहलोमीबद्दल सांगायला लागतात. मोहलोमी हा आधीच्या पिढीतला सरदार, वैद्य आणि फिरस्ता. तरुण लेपोको त्याच्याकडे मोठेपणाची जडीबुटी मागायला गेला होता म्हणे. मोहलोमीने सांगितलं, अशी मुळी नसते. गरिबाला जप, न्याय नीट कर, चेटकीण म्हणून कुणाला मारू नकोस. १८५५ मध्ये मोश्वेश्वेने चेटकाच्या आरोपावरून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदाच केला. आफ्रिकेतल्या राजाचं मोजमाप आफ्रिकेतल्याच गुरूवरून केलेलं बरं.

रानजाई

आमच्या गावाकडे शेळ्या अर्धलीने देतात, तसंच काहीसं हे माफिसा वाटलं. आजीच्या दोन शेळ्या कायम कुणाकडे तरी असायच्या.

उनाडपाऊस

रानजाई ताई, सुरुवात तशीच, पण हिशोब वेगळा. अर्धलीत पिल्लं वाटून घेतात ना? माफिसात वासरूही मालकाचंच. सांभाळणाऱ्याला दूध, ओढकाम आणि शेण. शिवाय राजाच्या गाई गोठ्यात असणं म्हणजे आपण कुणाची माणसं हे जाहीर होणं. राजाला राग आला तर गाई परत जायच्या. उलट राजा नकोसा झाला तर माणसंही उठून दुसऱ्या सरदाराकडे जायची. सेसोथोत म्हण आहे, ‘मोरेना के मोरेना का सेचाबा’, राजा असतो तो प्रजेमुळे. तिच्यामागे हा रोकडा व्यवहार आहे. मोठे निर्णय ‘पित्सो’मध्ये, म्हणजे खुल्या सभेत व्हायचे. तिथे कुणीही पुरुष उठून सरदाराला सुनावू शकायचा.

प्रश्नपत्रिका

‘कुणीही पुरुष’. नोंद घेतली आहे.

उनाडपाऊस

तिथे येतोच, आधी देश वाचला कसा ते लिहितो, कारण ती गंमत फारशी कुणी सांगत नाही.

१८३३ मध्ये कासालिस, आरबूसे आणि गोसेलँ हे तीन फ्रेंच प्रॉटेस्टंट मिशनरी आले. मोश्वेश्वेने त्यांना बोलावून घेतलं होतं. त्याला बंदूकवाल्या जगाशी बोलायला माणूस हवा होता. कासालिस वीसेक वर्षं जवळजवळ त्याचा परराष्ट्रमंत्री होता. मिशनने मोरिजाला छापखाना काढला आणि १८६३ मध्ये ‘लेसेलिन्याना’ हे सेसोथो वर्तमानपत्र सुरू केलं. राजा स्वतः मात्र शेवटपर्यंत बाप्तिस्म्याविना राहिला.

शेजारच्या फ्री स्टेट या प्रजासत्ताकातल्या बोअरांशी १८५८ मध्ये पहिली लढाई झाली, ती बासोथोंनी निभावली. १८६५ च्या लढाईत बोअरांनी डोंगर सोडून शेतं धरली: पिकं जाळली, गुरं नेली. कॅलेडनच्या पश्चिमेची सगळ्यात कसदार जमीन गेली. उपासमार दाराशी आल्यावर मोश्वेश्वेने इतकी वर्षं लावलेला धोशा आणखी वाढवला, की ब्रिटनने आम्हाला आपल्या छत्राखाली घ्यावं. माझा देश म्हणजे राणीची घोंगडी आणि माझी माणसं त्यातल्या उवा, असं तो म्हणाल्याचं सांगतात. १२ मार्च १८६८ ला ब्रिटिशांनी बासुतोलँड ताब्यात घेतलं. दोन वर्षांनी, ११ मार्च १८७० ला म्हातारा गेला. ११ मार्च हा तिथे आजही मोश्वेश्वे दिन आहे.

गंमत यानंतर. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी हा मुलूख परस्पर दक्षिणेकडच्या आपल्याच केप वसाहतीच्या गळ्यात बांधला. त्याच काळात किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणींवर मजुरीला जाणारे बासोथो तरुण कमाईतून बंदुका विकत घेऊन घरी येऊ लागले. केप सरकारने फर्मान काढलं, शस्त्रं जमा करा. बासोथोंनी नकार दिला. १८८०-८१ चं हे बंदुकांचं युद्ध. लेरोथोली वगैरे सरदारांनी डोंगरी घोड्यांवरून असं काही झुंजवलं, की केपला खर्च झेपेना. अखेर १८८४ मध्ये केपने हात झटकले आणि ब्रिटिश सरकारला कारभार थेट हाती घ्यावा लागला. म्हणून १९१० मध्ये केप, नाताळ, ट्रान्सवाल आणि फ्री स्टेट एक होऊन दक्षिण आफ्रिका संघ झाला, तेव्हा बासुतोलँड त्यात गेलं नाही. केपचाच भाग राहिलं असतं तर आपोआप आत गेलं असतं, आणि पुढे वर्णभेदाचे सगळे कायदे लागले असते. ४ ऑक्टोबर १९६६ ला जो देश स्वतंत्र झाला, तो त्या नाकारलेल्या बंदूकजमेमुळे शिल्लक होता.

प्रश्नपत्रिका

हे उत्तम. पण चित्र फार गुळगुळीत होतंय. बंदुकांच्या युद्धाच्या आदल्याच वर्षी, १८७९ मध्ये, दक्षिणेतल्या बाफुथींचा म्हातारा सरदार मूरोसी केपविरुद्ध उठला, तेव्हा मोश्वेश्वेच्या वंशातले हेच सरदार केपच्या बाजूने त्याच्यावर चालून गेले होते. मूरोसी डोंगरावर मारला गेला, त्याचं डोकं कापलं गेलं. वर्षभरात केपची कुऱ्हाड यांच्यावर आली. बाफुथींची भाषा वेगळी, सिफुथी. क्विथिंगकडे ती अजून बोलतात. सगळ्यांना सामावून घेणाऱ्या राष्ट्रात काही जण ‘सामावलेले’ आणि काही जण ‘सामावणारे’ असतात, आणि मोक्याच्या जागांवर मोश्वेश्वेची मुलं-नातवंडंच बसवली गेली.

तसेच मालोती डोंगरातले सान शिकारी, तिथले सगळ्यात जुने रहिवासी. गुहांमध्ये त्यांची चित्रं आहेत, सेसोथोतले टाळूवर जीभ वाजवून काढायचे आवाज शेजारच्या भाषांकडून आलेले आहेत. माणसं कुठे गेली? काही मारली गेली, काही बासोथोंत विरघळली. एकोणिसावं शतक संपता संपता त्यांच्या मोकळ्या टोळ्या उरल्या नव्हत्या.

उनाडपाऊस

मान्य. यात मी भर घालू शकेन असं काही नाही.

निळीशाई

बायका राहिल्या ना! मीच लिहिते. मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत जोहान्सबर्गला होते आणि माझा जीव कापडात.

लिफाकानेच्या काळात बात्लोक्वांचं नेतृत्व मन्थातिसी नावाची बाई करत होती, मुलगा सेकोन्येला लहान म्हणून. तिचा दरारा एवढा, की गोऱ्यांनी दूरदूरच्या भलत्याच टोळ्यांनाही तिचं नाव चिकटवलं. बुथा-बुथेला मोश्वेश्वेला कोंडणारे तिचेच लोक. पुढे १९४१ पासून १९६० पर्यंत देशाची सर्वोच्च सरदारकी मान्त्सेबो या राणीने राजप्रतिनिधी म्हणून सांभाळली. मात्र मुलीला सरदारकीचा वारसा नाही. एका मोठ्या सरदाराच्या मुलीने कोर्टात दाद मागितली, २०१३ मध्ये निकाल तिच्याविरुद्ध गेला. म्हणजे मुलाच्या वतीने राज्य करा, स्वतःच्या नावाने नको!

आता घोंगड्या. बासोथो माणूस ओळखायचा तो खांद्यावरच्या लोकरी ब्लँकेटवरून, कोबोवरून. ती मुळात तिथली नव्हेच. आधी कातडी पांघरायचे. १८६० च्या सुमाराला एका व्यापाऱ्याने मोश्वेश्वेला लोकरी ब्लँकेट भेट दिलं, राजाला आवडलं, प्रजेने उचललं असं सांगतात. १८९६-९७ च्या बुळकांडीत गुरं पटापट मेली, मग तर कातडी मिळेना. कापड इंग्लंडच्या गिरण्यांतून यायचं, आता दक्षिण आफ्रिकेत विणतात. तरी ते बासोथोंचंच, कारण नियम त्यांनी घातले. पट्टे उभेच आले पाहिजेत, आडवे घेतले तर वाढ खुंटते. पुरुष खांद्यावर पिन लावतो, बाई छातीवर. मक्याच्या कणसाची नक्षी सुफलतेची. सेआनामारेना सगळ्यात मानाचं. वयात येण्याच्या दीक्षेला, लेबोल्लोला जाणाऱ्या मुलांसाठी मोहोलोबेला नावाचं वेगळं. काही नक्षींत दुसऱ्या महायुद्धातली विमानंसुद्धा आहेत, कारण बासुतोलँडने वर्गणी काढून ब्रिटिश हवाईदलाला स्पिटफायर दिली. ७२ व्या स्क्वाड्रनला बासुतोलँडचं नाव होतं.

बायकांच्या सणासुदीच्या पोशाखाचं निळं छापील कापड, त्याला राजाच्या नावावरून सेश्वेश्वे म्हणतात. तेही बाहेरूनच आलेलं. भिंतींवर मात्र शंभर टक्के त्यांचं: लितेमा. ओल्या मातीच्या गिलाव्यात बोटांनी किंवा काट्याने नांगरलेल्या शेतासारखे नक्षीचे पट्टे ओढतात. काम फक्त बायकांचं. पाऊस पडला की पुसतं, आणि पाऊस पडला याचाच आनंद असतो. देशाचं ब्रीदच ‘खोत्सो, पुला, नाला’: शांती, पाऊस, भरभराट.

चिमणराव_जुन्नर

ताई, वेगळा धागा काढा लितेमावर. फोटोंसकट.

जुना_खलाशी

अवांतर, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. १ मे १९४३ ला भूमध्य समुद्रात ‘एरिनपुरा’ नावाचं जहाज जर्मन विमानांनी बुडवलं. त्यावर ब्रिटिश लष्कराच्या मजूर तुकड्यांतले बासोथो होते, ६०० हून जास्त बुडाले. समुद्र नसलेल्या देशातली माणसं. जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशनचं आणि नाव राजस्थानातल्या गावाचं. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांनी याच कंपनीच्या पगारावर चुली पेटवल्या.

उनाडपाऊस

खलाशीबुवा, याला अवांतर म्हणू नका. लेसोथोत हे लोक विसरलेले नाहीत.

एक राहिलं ते खाणकामगारांचं. १९७०-८० च्या दशकांत लाखाच्या वर बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत होते. गावं बायका, म्हातारे आणि गुराखी पोरांनी चालवली. वाटेवरचे पुरुष लांबलचक कवनं गायचे, त्यांना लिफेला म्हणतात: रेल्वे, मुकादम, खोल बोगदे, घरची आठवण, स्वतःची बढाई, सगळं त्यात. तेच अकॉर्डियन आणि ढोलावर चढलं आणि दारूच्या गुत्त्यांत ‘फामो’ झालं. नव्वदीनंतर खाणकपात झाली. मग राजधानी मासेरू आणि मापुत्सोच्या कापड कारखान्यांत बायका कमावत्या झाल्या, अमेरिकेत जाणाऱ्या जीन्स शिवू लागल्या. ट्रम्पच्या शुल्काचा फटका नेमका त्यांना बसला. बाकी देशाकडे विकायला पाणी आहे: १९८६ च्या कराराने कात्से धरण झालं, १८५ मीटर उंच, आणि ते पाणी जोहान्सबर्गच्या नळाला जातं.

सह्यकडा

मग ती गेलेली जमीन? परत मागत नाहीत का?

उनाडपाऊस

मागतात. २०२३ मध्ये एका खासदाराने संसदेत ठराव आणला, की अख्खा फ्री स्टेट आणि आणखी काही भाग लेसोथोचा आहे. सभागृहात बोलणी झाली, पुढे काही झालं नाही. उलटी मागणीही झाली आहे: २०१० मध्ये काही जणांनी निवेदन काढलं, की दक्षिण आफ्रिकेनेच लेसोथोला सामावून घ्यावं, म्हणजे सीमेवरच्या रांगा आणि परवाने संपतील.

अडचण अशी, की सेसोथो बोलणारे दक्षिण आफ्रिकेत ४० लाखांहून जास्त आहेत, म्हणजे देशातल्यापेक्षा देशाबाहेर जास्त. वर्णभेदी सरकारने त्यांच्यासाठी क्वाक्वा नावाचा डोंगराळ तुकडा ‘मायदेश’ म्हणून काढला होता. त्यांचं पेन्शन, मतदान, शाळा सगळं दक्षिण आफ्रिकेचं. शब्द लिहिण्याची पद्धतसुद्धा दोन तऱ्हेची: लेसोथोत जुनं मिशनरी वळण, इकडे नवं. माझ्या कार्यालयातला एक सहकारी थाबा न्चूचा, पक्का मोसोथो. त्याला मी हाच प्रश्न केला. तो म्हणाला, मोश्वेश्वे माझा राजा, पण पासपोर्ट मी बदलणार नाही.

प्रश्नपत्रिका

आणि लेसोथोतला मोसोथो काय म्हणतो?

उनाडपाऊस

तो म्हणतो जमीन आमचीच. आणि सोमवारी पहाटे मासेरूच्या सीमेवरच्या पुलावर रांगेत उभा राहतो, इकडे कामावर यायला.